मदत हवी आहे: निवड नसताना लाल मणी संपले आणि निवड असताना टिकले, असं कसं?

बारावीच्या मुलांना सिकलसेलवरून (रक्ताचा आनुवंशिक आजार) नैसर्गिक निवड दाखवायची आहे. पांढरा मणी म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचं अलील, म्हणजे जनुकाचं एक रूप (ए), लाल म्हणजे सिकलचं (एस). बरणीत ३६ पांढरे, ४ लाल. दोन मणी म्हणजे एक व्यक्ती, म्हणजे पिढी २० जणांची.

गट १: कुणालाच बाद करायचं नाही. मणी काढा, रंग लिहा, परत टाका, असं ४० वेळा. आलेल्या आकड्यांनुसार पुढची बरणी भरा. सहाव्या पिढीत लाल संपले.

गट २: मणी परत न टाकता २० जोड्या काढा, लाल-लाल जोडी बाद. दहा पिढ्यांनंतरही ४ लाल आहेतच.

चूक कुठे झाली? आणि गट १ मध्ये घडलं त्याला उत्क्रांती म्हणायचं का?

प्रतिसाद १
लाल मणी कमजोर, म्हणून निवडीत गेले. सोपं आहे.

प्रतिसाद २
नाही हो. गट १ मध्ये कमजोर-बळकट असा भेदच ठेवलेला नाही. हे जनुकीय विचलन, म्हणजे जेनेटिक ड्रिफ्ट: निव्वळ योगायोगाने प्रमाण बदलणं. ४० वेळा मणी काढताना सरासरी ४ लाल येतील, पण प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, सरासरीपासून नेहमी पडणारा फरक) जवळजवळ २ मण्यांचं आहे. कधी ६, कधी २. एकदा शून्य आले की परतीची वाट नाही, कारण इथे उत्परिवर्तन (जनुकात होणारा नवा बदल) ठेवलेलं नाही. निवड नसेल तर एखादं अलील शेवटी एकटंच उरण्याची शक्यता त्याच्या सुरुवातीच्या प्रमाणाइतकीच असते: इथे १० टक्के. म्हणजे असे दहा गट बसवले तर सरासरी नऊ गटांत लाल कधी ना कधी संपणारच.

आणि हो, ही उत्क्रांतीच. समूहातलं अलीलचं प्रमाण पिढ्यांगणिक बदलणं म्हणजे उत्क्रांती. नैसर्गिक निवड हे त्याचं एक कारण, ड्रिफ्ट दुसरं.

प्रतिसाद ३
खरी गोम गट २ मध्ये आहे. मणी परत टाकत नाही म्हणजे बरणी पूर्ण रिकामी होते. लाल-लाल जोडी आली नाही तर पुढच्या पिढीत तेच ३६ आणि ४. ड्रिफ्टला जागाच नाही. ४० मण्यांत ४ लाल असताना लाल-लाल जोडी सहा-सात पिढ्यांत एखादीच येते. निवड जवळपास झालेलीच नाही! दोन गटांत दोन गोष्टी एकदम बदलल्यात, त्यामुळे तुलना होत नाही.

धागाकर्ती
कळलं. मग सिकलसेलचा समतोल, म्हणजे निवड असूनही एस टिकून राहणं, दाखवायला काय करू?

प्रतिसाद ३
३६० पांढरे, ४० लाल घ्या. एकाच मापाचे; राजमा-चवळी नको, बोटांना फरक कळतो. परत न टाकता २०० जोड्या काढा. हार्डी-वाइनबर्गच्या नियमाप्रमाणे (जोड्या योगायोगाने लागल्या तर) साधारण १६२ पांढऱ्या-पांढऱ्या, ३६ मिश्र, २ लाल-लाल येतील.

आता दोन्ही टोकांना फटका द्या: लाल-लाल सगळ्या बाद (आजार), आणि पांढऱ्या-पांढऱ्यांपैकी दर नववी जोडी बाद (फाल्सिपेरम, हा मलेरियाचा घातक प्रकार; मिश्र जोडीला त्यापासून बरंच संरक्षण असतं). उरल्या १४४ आणि ३६ जोड्या. ३६० मण्यांत ३६ लाल, म्हणजे पुन्हा १० टक्के. त्याच प्रमाणात बरणी ४०० पर्यंत भरा आणि पुढे चला. मलेरियाचा नियम काढला तर एका पिढीत लाल ९.१ टक्क्यांवर येतात, दहा पिढ्यांत जेमतेम ५ टक्क्यांवर. घट इतकी संथ का, तर बहुतेक लाल मणी मिश्र जोड्यांत लपलेले असतात.

प्रतिसाद २
फळ्यावर लिहिताना ‘फिटनेस’ म्हणजे अंगातली ताकद नव्हे हे आधी सांगा. पुढच्या पिढीत किती संतती पोचते, एवढंच ते माप. वरच्या नियमांत वाहक (एएस) १, एए ०.८९, एसएस ०. मलेरिया नसलेल्या जागी एएचंही १ होतं. जनुक तेच, फिटनेस परिसरानुसार बदलतो.

एसएसचं शून्य ही प्रयोगापुरती सोय आहे. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबारकडची मुलं वर्गात असतील तर कुणाच्या घरी रुग्ण असू शकतो. ‘बाद’ ऐवजी ‘पुढे मोजायचं नाही’ म्हणा, आणि उपचार घेऊन एसएस व्यक्ती मोठ्या होतात, त्यांना मुलंबाळंही होतात, हे त्याच तासाला सांगून टाका.