जॉर्जियातल्या शेतमालकाचं घराणं
प्रश्न: सूनबाईचे खापरपणजोबा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कापूस पिकवायचे. 1860 च्या जनगणनेत त्यांच्या जमिनीपेक्षा ‘वैयक्तिक मालमत्ता’ तिप्पट लिहिलीय. एवढं काय होतं घरात?

उत्तर: माणसं, ताई. गुलाम त्याच रकान्यात धरत. 1850 आणि 1860 ची गुलामांची वेगळी यादी बघा. मालकाचं नाव, खाली बहुतेक नुसतं वय, लिंग, वर्ण.

दुसरं उत्तर: काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टातून मृत्युपत्र आणि मालमत्तेची मोजदाद काढा. तिथे नावं सापडतात, किमतीसकट.

प्रश्नकर्ती: 1861 ची मोजदाद मिळाली. खेचराच्या खालच्या ओळीत सात वर्षांची मुलगी. माझी नातही सातच वर्षांची आहे हो. यादीतल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला शोधायचंय.

उत्तर: मग त्याच काउंटीची, गुलामगिरी संपल्यानंतरची 1870 ची जनगणना चाळा. ती सोळाची असेल. आडनाव मालकाचंच असेल असं धरू नका.