शबीह, तसबीर की लघुचित्र?

प्रश्न : लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं (कारकीर्द १५८०–१६२७) एक छोटं चित्र आहे, १६१०-२० च्या सुमाराचं. हातात चिपळ्यांसारखं काहीतरी धरलंय. मराठीत लिहिताना याला काय म्हणू? ‘तसबीर’ लिहिलं, तर घरच्यांनी विचारलं, हार कुठाय?

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे. अरबी ‘तस्वीर’चा अर्थ नुसता आकार देणं, चित्र काढणं, ‘सूरत’ त्याच धातूतली. मराठीत आल्यावर तिला चौकट आणि खिळा चिकटला. दरबारी चित्रं भिंतीवर टांगायची नसत, हातात धरून जवळून बघायची असत. बरीचशी मुरक्क्यात जायची, म्हणजे चित्रं आणि सुलेखनाची पानं एकत्र बांधलेल्या संग्रहात. (मुरक्का म्हणजे ठिगळं जोडलेला. मुरंब्याशी नातं नाही!)

नेमका शब्द ‘शबीह’. मूळ अर्थ सारखेपणा. चित्रातला माणूस ओळखू आला पाहिजे, ही अट शब्दातच आहे. ‘व्यक्तिचित्र’ चुकीचं नाही, पण ते आता साहित्यवाल्यांनी नेलंय. आणि ‘शबीह’ म्हणजे आपली ‘छबी’ नव्हे. छबी आली संस्कृत ‘छवि’वरून, म्हणजे कांती, त्वचेचा रंग. दोघी भेटल्या त्या केवळ उच्चारात.

दुसरं उत्तर : सरळ ‘लघुचित्र’ म्हणा की. सगळ्यांना कळतं.

उत्तर : कळतं खरं, पण गंमत बघा. मिनिएचर हा शब्द लहानपणावरून आलेलाच नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. हस्तलिखितातली अक्षरं शेंदराने रंगवायचं काम ते मिनिएचर. पुढे ‘मायनर’शी गल्लत होऊन अर्थ ‘छोटं’ झाला आणि आपण त्या गल्लतीचंच भाषांतर केलं. शब्द रुळलाय, मोडू नये. पण लघुचित्र फूलपाखराचंही असतं. इथे माणूस आहे हे त्यातून कळत नाही.

प्रश्नकर्ता : आणि हातातलं? संग्रहालयाच्या नोंदीत ‘कॅस्टनेट्स’ आहे.

उत्तर : ते स्पेनचं वाद्य. चिपळ्या किंवा करताल लिहा. चिपळ्या म्हटल्यावर नारद आठवेल, आठवू दे. ‘किताब-ए-नौरस’मध्ये दखनीत सरस्वती-गणपतीची पदं रचणारा सुलतान हाच.

प्रश्नकर्ता : मग ‘चिपळ्या घेतलेल्या इब्राहिमची शबीह’. ती शबीह ना?

उत्तर : तीच. उर्दूतही स्त्रीलिंगी, आणि आपली तसबीर, छबी तर आहेतच.