मदत हवी आहे: दमा-ॲलर्जीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करायचंय, अमेरिकेतली टी३२ ग्रँट मिळणार नसेल तर कुठून जावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात इम्युनॉलॉजीत पीएचडी करतेय, प्रबंध लवकरच जमा होईल. काम उंदरांवर: धुळीतल्या माइट्सचा अर्क नाकात सोडायचा आणि फुप्फुसातल्या आयएलसी२ पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) बघायच्या. आता मला तीव्र दम्याच्या रुग्णांच्या नमुन्यांवर काम शिकायचंय. उंदराला आपणहून दमा होत नाही, आपण तो काही आठवड्यांत घडवतो. अर्धं आयुष्य दम्यात काढलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काय झालेलं असतं, ते त्यातून कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

अमेरिकेतल्या जाहिराती बघते तर बऱ्याच जागा एनआयएचच्या (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) टी३२ ट्रेनिंग ग्रँटवर. त्याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. मग प्राध्यापकांच्या आर०१ वर (त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पाला मिळालेली एनआयएचची ग्रँट) गेले तर टी३२वाल्यांसारखं क्लिनिकमध्ये बसायला, ग्रँट लिहायला शिकायला मिळतं का, की नुसतं बेंचवर राबायचं? मी एमएस्सीवाली, एमबीबीएस नाही. त्याने अडतं का? दावोसच्या सियाफमध्ये (स्वित्झर्लंडची ॲलर्जी-दमा संशोधन संस्था) किंवा स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का वैद्यकीय विद्यापीठात कुणी होतं का?

मला परत यायचंय. आपल्याकडे जंतांमुळेही आयजीई (ॲलर्जीतली अँटिबॉडी) आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, त्यामुळे तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावणं धोक्याचं वाटतं. दम्यात ओमालिझुमॅबचा (आयजीईला रोखणारं इंजेक्शन) डोस तर वजन आणि आयजीईवरच ठरतो! हे काम इथल्या रुग्णांवर व्हायलाच हवं. 'पंपाची सवय लागते' म्हणून इन्हेलर टाळणाऱ्यांना निदान नेमकी उत्तरं तरी देता येतील.

प्रतिसाद १
मी अमेरिकेत आर०१ वरच होतो. सेमिनार सगळ्यांना खुले होते, क्लिनिक मात्र मागून घ्यावं लागलं. ऑफर स्वीकारण्याआधीच मेलवर विचारा: ब्राँकोस्कोपीचे (श्वासनलिकेत नळी घालून घेतलेले) नमुने कोणाकडून येतात, एथिक्सच्या अर्जात (रुग्णांवरच्या संशोधनाच्या परवानगीसाठीचा) माझं नाव घालाल का, सोबत छातीरोगतज्ज्ञ मेंटर मिळेल का. उत्तर गोलमोल आलं तर ती लॅब सोडा. एमबीबीएस नसल्याने माझं काही अडलं नाही. के९९/आर०० ला (पोस्टडॉकमधून स्वतःच्या लॅबकडे जाण्यासाठीची एनआयएचची ग्रँट) नागरिकत्वाची अट नाही, पण त्याचा दुसरा टप्पा अमेरिकेतल्याच नोकरीत वापरायचा असतो. तुम्हाला परतायचंय, तेव्हा त्यामागे वेळ घालवू नका. परतीसाठी डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) रामलिंगस्वामी फेलोशिप बघा.

प्रतिसाद २
युरोपसाठी मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप बघा, कुठल्याही देशाच्या नागरिकाला चालते. मात्र अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पीएचडीचा डिफेन्स (शेवटची तोंडी परीक्षा) झालेला हवा, नुसता प्रबंध जमा करून भागत नाही. अर्ज यजमान प्राध्यापकांसोबत लिहायचा असतो, म्हणून आत्ताच मेल करायला लागा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. डिफेन्सचं माहीत नव्हतं, गाईडशी उद्याच बोलते. एथिक्सच्या अर्जात नावाचं विचारायचं मला सुचलंच नसतं. सियाफचा अनुभव असलेलं कुणी असेल तर कृपया लिहा, तिथे रुग्णांचे नमुने पोस्टडॉकच्या हातात कितपत येतात एवढंच कळलं तरी पुरे.