मदत हवी आहे: पुलावरच्या गर्दीचं मॉडेल, नेटलोगोतच राहू की मेसा/गामाकडे वळू?

नमस्कार मंडळी,
एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी रेल्वेच्या पादचारी पुलाचं एजंट-बेस्ड सिम्युलेशन (प्रत्येक माणूस म्हणजे 'एजंट', स्वतःच्या नियमांनी चालणारा, असं संगणकावरचं मॉडेल) करतेय. दोन लोकल एकदम आल्या की जिन्यावर चढणारे-उतरणारे एकमेकांना कसे अडवतात, एवढंच बघायचंय.

सुरुवात नेटलोगोत (अशाच मॉडेलसाठीचं सॉफ्टवेअर) केली. भाषा दोन दिवसांत हाताला बसली, स्लायडर सरकवला की गर्दी लगेच बदलते, गाईडही खूश. मग एका पॅचवर (जमिनीच्या एका चौकोनावर) एकच माणूस अशी अट घातली आणि जिन्याच्या तोंडाशी सगळे ठप्प! वरचा खालच्याची वाट बघतोय, खालचा वरच्याची. (दादरला निदान कोणीतरी कोपर मारून वाट काढतं, माझी माणसं फारच सभ्य निघाली.) नेटलोगोची 'आस्क' ही आज्ञा दर वेळी एजंटांना रँडम क्रमाने बोलावते, तरी कोंडी सुटत नाही. पॅच लहान करू, की चौकट सोडून अंतरावर आधारित ढकलाढकलीचं बल लावू?

शिवाय २००० माणसं आणि प्रत्येक सेटिंगचे १०० रन. बिहेवियरस्पेस (नेटलोगोतलं एकामागून एक रन चालवणारं साधन) रात्रभर चालतं.

पायथन येतं म्हणून मेसा (एजंट-मॉडेलसाठीची पायथन लायब्ररी) उघडलं, पण मी जुनं ट्युटोरियल धरून बसले होते. मेसा ३ मध्ये त्यातले शेड्युलर (एजंटांना पाळीपाळीने चालवणारे भाग) राहिलेच नाहीत, हे कळायला एक अख्खा रविवार गेला. गामा या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेपफाईल (नकाशाची फाईल) थेट घेता येते आणि पादचाऱ्यांसाठी तयार स्किलही (एजंटला जोडायचं आयतं वर्तन) आहे, पण त्याची वेगळी भाषा शिकावी लागेल. सबमिशनला सहा आठवडे उरलेत.

कोणी गर्दीचं मॉडेल केलंय का? लॅपटॉप ८ जीबीचा आहे, हे धरून सांगा.