मान वर केली म्हणजे हो की नाही? परदेशात स्वयंसेवक म्हणून राहिलेल्या कोकणकरांचे अनुभव

कोकमसार, दापोली

आपल्या किनाऱ्यावर बोटीवर गेलेला नाहीतर आखातात गेलेला घरटी एक सापडतो, त्यांच्या गजाली सगळ्यांना पाठ आहेत. पण पगाराबिगाराशिवाय, नुसतं हातभार लावायला म्हणून बाहेर जाऊन राहून आलेलेही बरेच आहेत आणि त्यांना कोणी काही विचारत नाही, म्हणून हा धागा. समाजकार्याचं भाषण नको. जेवण, घड्याळ, चपला, हातवारे, असलं रोजचं लिहा. कुठे फजिती झाली ते आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात. वेळासला कासवांच्या कामात तीन हंगाम होतो, त्या जोरावर एका उन्हाळ्यात ग्रीसला झाकिंथॉस बेटावर सहा आठवडे गेलो. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले, तिथे लॉगरहेड, अंगाने बरीच मोठी. आपण अंडी उचलून कुंपणात आणून पुरतो, ते शक्यतो घरटं जागच्या जागी ठेवतात आणि वर जाळीचा पिंजरा लावतात. पहाटे किनारा चालायचा, दिवसा टुरिस्टांना सांगायचं की बाबांनो इथे छत्री खुपसू नका, खाली अंडी आहेत. काम सोपं. वांधे झाले ते मानेचे आणि हाताचे.

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. आपल्या कानाला ते ‘नाय’च्या जवळचं लागतं. बेकरीत पहिल्याच दिवशी पावाकडे बोट दाखवून विचारलं, आजचा आहे का, बाई म्हणाली ‘ने’. मी नेला! तिथे जमलं. पण नाही म्हणताना ते लोक काहीच बोलत नाहीत, फक्त हनुवटी वर करतात, भुवया उडवतात, कधीतरी जिभेने च्क करतात. आपल्याकडे कोणी अशी मान वर केली तर अर्थ काय, तर ‘काय रे?’ एका टपरीवर मी पाणी आहे का विचारलं, काकांनी हनुवटी वर केली. मला वाटलं ऐकू नाही आलं, मोठ्याने विचारलं. परत हनुवटी वर. तिसऱ्यांदा मी ओरडूनच विचारलं, तेव्हा ते बाहेर आले आणि रिकामा फ्रीज उघडून दाखवला.

हाताचं जास्त लागलं. किनाऱ्यावर एक कुटुंब पिंजऱ्याच्या अगदी जवळ आलं म्हणून मी लांबूनच पाची बोटं ताणून पंजा दाखवला, थांबा म्हणून. त्यातले आजोबा असे भडकले की आमच्या टीमलीडरला पळत यावं लागलं. उघडा पंजा तोंडासमोर धरणं ही तिथली जुनी शिवी आहे, मुंड्झा म्हणतात. उरलेले पाच आठवडे मी दोन्ही हात पाठीमागे बांधून ‘प्लीज, प्लीज’ करत फिरलो, शाळेच्या इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखा.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

नेपाळ, २०१५. २५ एप्रिलचा ७.८ चा भूकंप झाला आणि आम्ही सातजण मे अखेरीस सिंधुपाल्चोकला पोचलो. पावसाच्या आत डोक्यावर पत्रे चढवायचे एवढंच काम. तिथे पत्र्याला जस्तापाता म्हणतात, हा पहिला शब्द शिकलो. लिपी आपलीच असल्यामुळे सगळ्या पाट्या वाचता येतात आणि म्हणून आपल्याला भाषा येते असा गैरसमज होतो. हॉटेलवर ‘खाजा’ लिहिलेलं बघून आमचा मालवणचा पोरगा जत्रेतला आल्याचा, गुळाचा खाजा मिळणार म्हणून आत घुसला. खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. त्याला चाऊमिन मिळालं, खाल्लं गुपचूप.

घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे. तेवढ्यासाठी कोण बदलतो म्हणून आम्ही नाही बदललं आणि चार दिवस रोज पंधरा मिनिटं उशिरा पोचत राहिलो, कोणी बोललं नाही कारण तिथे कोणी तोंडावर बोलतच नाही, काहीही म्हटलं की ‘हजुर’. ऐकू आलं तरी हजुर, नाही आलं तरी हजुर, फक्त सूर वेगळा. सुट्टी शनिवारी. पहिल्या रविवारी आम्ही निवांत झोपलेलो आणि बाहेर माणसं पत्रे घेऊन उभी.

पण सांगायचं आहे ते चहाचं. एक दिदी, तिचं घर पूर्ण बसलेलं, ताडपत्रीखाली चूल. आम्ही पत्रे ठोकत होतो आणि तिने चिया ठेवला. आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं की तिथल्या लोकांवर भार टाकू नका, स्वतःचं पाणीसुद्धा स्वतः न्या. आम्ही हात जोडून नको नको केलं. तिने दोनदा विचारलं, मग चहा तसाच चुलीवरून उतरवून बाजूला ठेवला आणि दिवसभर आमच्याशी बोलली नाही. आम्हाला वाटलं दुःखात आहे बिचारी.

मग २२ जुलै २०२१. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी, उतरलं तेव्हा गुडघाभर चिखल. बाहेरगावची मुलं फावडी घेऊन आली, जीव तोडून काम केलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. आईने शेजारून गॅस आणून चहा केला, वाचलेले सहा कप धुतले. मुलं म्हणाली, काकू राहू दे, तुम्ही आधीच त्रासात आहात. ती गेल्यावर आई म्हणाली, “चहासुद्धा घेईनात. आपल्या घरचं पाणी चालेनासं झालं की काय?” मला एकदम ती ताडपत्री आठवली. आईला काही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी नवीन मुलं आली तेव्हा मी प्रत्येकाच्या हातात कप धरला आणि दम दिला, पिऊन टाका.

तिठा, सावंतवाडी

वरचं वाचून बरं वाटलं कारण माझा अनुभव उलटा. मीपण नेपाळच, पण पैसे भरून. हो, स्वयंसेवा करायला बऱ्यापैकी फी भरली, एका एजन्सीला, नाव नको. काठमांडूच्या बाहेर शाळेत दोन आठवडे इंग्रजी शिकवायचं. मी वर्गात जाऊन फळ्यावर ए बी सी डी काढली, पोरांनी गाण्यासकट म्हणून दाखवली. दर पंधरा दिवसांनी नवा पाहुणा येतो आणि ए पासून सुरू करतो! एका मुलीने विचारलं, तू फोटो कधी काढणार, म्हणजे आम्ही उभे राहतो. कायमचे मास्तर मागच्या बाकावर वह्या तपासत बसलेले, त्यांच्याशी मी तीन दिवस धड बोललोही नव्हतो. मग उरलेले दिवस त्यांच्या वह्या तपासून दिल्या. नवीन जाणाऱ्यांनी आधी विचारावं की आपण नसलो तर हे काम कोण करतं.

अबोली, श्रीवर्धन

मी निवृत्त शिक्षिका. मुलगी दार-एस-सलामला असते, तिच्याकडे गेले आणि तिच्या ओळखीने झांझिबारला स्टोन टाऊनमध्ये बायकांच्या शिवणवर्गात अडीच महिने मदत केली. टायपिंग सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशी निरोप आला, वर्ग ‘सा तातू’ ला. सा म्हणजे वाजले, तातू म्हणजे तीन, एवढं पुस्तकात वाचलेलं. मी जेवून, वामकुक्षी करून बरोब्बर तीनला पोचले, तर कुलूप. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, सकाळी सात म्हणजे एक वाजला, त्यामुळे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवतो तेव्हा त्यांचं बरोबरच आहे, पण माझं काय झालं ते बघा, पस्तीस वर्षांत शाळेला एक लेटमार्क नाही आणि इथे पहिल्याच दिवशी सहा तास उशीर.

दुसरं, तिथे वयाने लहान माणूस मोठ्याला ‘शिकामू’ म्हणतो, म्हणजे तुमचे पाय धरतो असं काहीतरी, आपलं पाया पडते तसंच. मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणायचं. मी प्रत्येकीला उलट शिकामूच म्हणत होते, विशीतल्या पोरींनासुद्धा. त्या ओढणीत तोंड घालून हसायच्या.

आणि ती बकरी. एका बाईंनी जेवायला बोलावलं, मी आधीच सांगून ठेवलेलं की मी मांसमच्छी खात नाही. स्वयंपाकघरात गेले तर त्या मुलीला ओरडून म्हणाल्या, “लेते म्बुझी!” म्बुझी म्हणजे बकरी हे मला रस्त्यावरून माहीत झालेलं. माझ्या पोटात गोळाच आला. मी मराठीत सुरू केलं, अहो नको, माझ्यासाठी नको. मुलगी आली ती लाकडाचं बुटकं बसकं घेऊन, घडीचं, पुढे लोखंडी जीभ आणि तिला दाते. नारळाची खवणी! तिला ते म्बुझीच म्हणतात, खरंच मान पुढे काढलेल्या बकरीसारखीच दिसते. मी बसले आणि अर्धा नारळ खवून टाकला. एकदम सगळ्या गप्प झाल्या, हिला कसं येतं म्हणून. फक्त मी सवयीने एका बाजूला पाय घेऊन बसलेले, त्यांनी मला दोन्हीकडे पाय टाकून नीट बसवलं. भाजीत नारळाचं दूध, वर लिंबू, भात. घरीच जेवल्यासारखं वाटलं.

कोकमसार, दापोली

अबोलीताई, आता श्रीवर्धनला आलो की खवणीला बकरीच म्हणणार.

लाल_माती, राजापूर

जपान, नागानो भागात शेतावर, रोज पाच-सहा तास काम आणि त्याबदल्यात राहणं-जेवण. चपलांचं सगळ्यांना माहीत असतं, घरात शिरताना काढायच्या, आपल्याला नवीन नाही. पण संडासाच्या स्लिपर वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडून यायच्या हे मी विसरलो आणि तसाच जेवायला येऊन बसलो. घरातली लहान मुलगी टेबलाखाली बघून किंचाळली.

त्याहून वाईट म्हणजे फोटो काढायचा म्हणून वाटीतल्या भातात दोन्ही काड्या उभ्या खोचल्या आणि फोन शोधायला लागलो. आजीने बसल्याजागी हात लांब करून त्या झटकन काढल्या. मेलेल्या माणसापुढे तसा भात ठेवतात. मी ट्रान्सलेटरवर लिहिलं, आमच्याकडे पिंड असतो भाताचा. तिला ते पोचलं असावं, कारण ऑगस्टच्या मध्यावर ओबोन आलं तेव्हा तिने मला मुद्दाम हाक मारली.

ओबोनला पूर्वज घरी येतात. आजीने एक काकडी, एक वांगं घेतलं, दोन्हीला काड्यांचे चार-चार पाय लावले. काकडी म्हणजे घोडा, यायला, लवकर यावेत म्हणून. वांगं म्हणजे गाय, परत जायला, सावकाश जावेत म्हणून. वांग्याचा चौथा पाय मला लावायला दिला, तो वाकडा लागला, गाय एका बाजूला कलली, तिने तशीच ठेवली. मग मी तिला म्हाळाचं सांगितलं, पान वाढून ठेवायचं, कावळ्याची वाट बघायची. तिने विचारलं, नाही आला तर? म्हटलं, दर्भाचा कावळा करून शिववतात. आजी इतकी हसली की डोळे पुसायला लागली, म्हणाली आमच्याकडचे कावळे सांगितलं असतं तर रांग लावतील, पिकाची वाट लावतात मेले. (‘मेले’ माझं, ट्रान्सलेटरने काय म्हटलं आठवत नाही.)

मांडवी_जेट्टी, रत्नागिरी

जर्मनी, वृद्धाश्रमात एक वर्ष, तिथली सरकारी स्वयंसेवक योजना असते ना, खिशाला थोडे पैसे देतात. एकच सांगते. एका आजींचा वाढदिवस सोमवारी, माझी सुट्टी, म्हणून रविवारीच फुलं नेऊन हॅपी बर्थडे म्हटलं. आजींचा चेहरा पडला. आधी शुभेच्छा दिल्या की अपशकुन मानतात. ब्याण्णव वर्षांच्या बाईला उद्याचा भरवसा नाही असं मी तोंडावर सांगितल्यासारखं झालं! फुलं कपाटात ठेवली आणि सोमवारी सुट्टीच्या दिवशी परत गेले. केक आजींनीच दिला, वाढदिवस असणाऱ्यानेच द्यायचा असतो तिकडे.

रापणकार, मालवण

बरो धागो काढलास. मी २००५ साली श्रीलंकेक गेल्लंय, त्सुनामीनंतर, होड्ये दुरुस्त करूक. भाषा एक अक्षर येय नाय. पण सकाळी वेळेर लोक रापण ओढी होते, ती तशीच, दोनय बाजून दोर आणि म्हातारे मधी उभे रवान आरडतत. तेंच्यात मादेल म्हणतत. मी जावन दोर धरलंय, कोणी इचारल्यान नाय तू कोण. जेवणाक शिरवाळे! नारळाच्या रसाबरोबर, पण गोड नाय, तिखट. माश्यात आमसोलासारखां काळां आंबट, गोराका, आमच्या सोलांच्याच जातीचां. मी म्हटलंय ह्यां बांगड्याचां तिखलांच झालां.

वाटो घालूची वेळ इली तेव्हा माका पण एक वाटो काढल्यानी. दोर ओढलो त्याका वाटो, आमच्याकडे पण तसांच. मी नको म्हणूक जाय होतंय. घेतलंय.