‘कॅनिबल’ हा शब्द कॅरिब भाषेची देणगी म्हणून शिकवायचा का?

मेघना_प
मी शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवते. व्युत्पत्तीच्या धड्यात कॅरिब (कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांपैकी एक समाज) भाषेतून आलेले शब्द असा एक चौकोन हमखास येतो, त्यात कनू, हॅमक, हरिकेन, मॅनटी (समुद्रगाय) आणि शेवटी कॅनिबल, म्हणजे नरभक्षक. माझं स्पष्ट मत आहे की कॅनिबल त्या चौकोनात नको. बाकीचे शब्द त्या बेटांवरच्या लोकांनी स्वतः वापरलेले, हा मात्र त्यांच्या नावावर दुसऱ्यांनी मारलेला शिक्का आहे.

1492 च्या नोव्हेंबरात कोलंबस क्युबाच्या किनाऱ्याने फिरत होता, बरोबरच्या स्थानिक माणसांकडून त्याने ऐकलं की पलीकडे ‘कानिबा’ राहतात आणि ते माणसं खातात. कॅरिब लोकांच्या या नावावरूनच कॅनिबल हा शब्द आला. त्यांची भाषा त्याला धड कळत नव्हती. डिसेंबरात तर त्याने लिहून ठेवलं की कानिबा म्हणजे ग्रेट खानचेच (चीनच्या सम्राटाचेच) लोक असणार, कारण आपण आशियात पोचलोय ही त्याची पक्की समजूत! तोवर एकही कॅरिब माणूस त्याने पाहिलेला नव्हता. आणि 1503 मध्ये स्पेनच्या राणी इसाबेलाने फर्मान काढलं की या नरभक्षकांना पकडून गुलाम म्हणून विकायला हरकत नाही. शब्द आधी आला आणि त्याच्या जोरावर माणसं विकली गेली, याला देणगी कसं म्हणायचं?

सडेतोड_नाशिक
असहमत. व्युत्पत्ती जशी आहे तशीच सांगायची असते, आपल्याला आवडली नाही म्हणून गाळायची नसते. आज कॅनिबल म्हणताना कोणाच्याही डोळ्यासमोर कॅरिब लोक येत नाहीत, शब्द कधीच सुटा झालाय. आणि सगळं ऐकीव होतं हेही खरं नाही, 1493 च्या दुसऱ्या सफरीतला डॉक्टर चान्का ग्वादलूप या कॅरिब बेटावरच्या घरांत माणसांची हाडं सापडल्याचं लिहितो. ते काय मग?

मेघना_प
हाडं सापडली, बरोबर. पण त्याच्या आदल्याच वर्षी क्युबातल्या एका घरात टोपलीत जपलेलं माणसाचं डोकं सापडलं होतं, आणि कोलंबसनेच लिहिलंय की ते घरातल्या कोणा पूर्वजाचं असावं. क्युबात पूर्वज आणि ग्वादलूपला जेवण? बघणाऱ्याने आधीच ठरवलेलं होतं हो. पुढे 1520 मध्ये फिगेरोआ नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्याकडून कुठला मुलूख कॅरिब आणि कुठला नाही हे ठरवून घेतलं, कारण कॅरिब ठरला की तिथली माणसं पकडायला मोकळीक.

बोलीवेडा
तुम्ही दोघं एका शब्दावर भांडताय, मुळात तो अख्खा चौकोनच चुकीचा आहे. कनू, हॅमक, हरिकेन, बार्बेक्यू हे शब्द तायनो भाषेतले, म्हणजे क्युबा आणि शेजारच्या बेटांवरच्या लोकांच्या, ती अरावाक कुळातली. आपला बटाटासुद्धा तिथलाच, पोर्तुगीजांबरोबर आला. कॅरिबकडे बोट दाखवता येतं ते मॅनटी, पिरोग (होडी), केमन (मगरीसारखा प्राणी) असल्या मोजक्या शब्दांसाठी. त्यात आणखी गुंता म्हणजे ज्यांना आपण बेटांवरचे कॅरिब म्हणतो त्यांच्या भाषेचं व्याकरणही अरावाकच होतं. रेमों ब्रेतों नावाचा फ्रेंच मिशनरी डॉमिनिका बेटावर राहिला आणि 1665 मध्ये त्याने त्यांचा कोश छापला, त्यात पुरुषांचे शब्द वेगळे आणि बायकांचे वेगळे आहेत. पुरुष स्वतःला कल्लिनागो म्हणायचे, बायका कल्लिपुनाम.

सागर_रत्नागिरी
पण त्याचं कारण सांगितलं नाही तुम्ही. कॅरिब पुरुष दक्षिण अमेरिकेतून आले, अरावाक पुरुषांना मारलं, बायका ठेवून घेतल्या, म्हणून घरात दोन बोली झाल्या, असंच वाचलंय. म्हणजे तायनोंना वाटणारी भीती खरी होती ना, ती काय कोलंबसने शोधून काढलेली नाही.

बोलीवेडा
हल्ले व्हायचे, ते कोणी नाकारत नाही. पण तेवढ्यावरून ही गोष्ट सिद्ध होत नाही. पुरुषांच्या बोलीत फक्त बरेचसे शब्द कॅरिब होते, वाक्याची घडण तीच अरावाक. मुख्यभूमीवरच्या कॅरिब लोकांशी व्यापार करताना, दोस्ती करताना उचललेली ती मिश्रबोली असावी असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे, आणि मला ते जास्त पटतं. जिंकणाऱ्यांनी आपली भाषा लादली असती तर व्याकरणही त्यांचंच आलं असतं.

अश्विनी_टोरांटो
सडेतोड, “कोणाच्या डोळ्यासमोर येत नाहीत” हे वाचून राहवलं नाही. हे लोक आजही आहेत! डॉमिनिकाच्या पूर्व किनाऱ्यावर 1903 मध्ये ब्रिटिशांनी साधारण 3,700 एकर जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली, ती अजूनही सगळ्यांची सामाईक आहे. तिथे अजून गोमिये झाडाच्या एका खोडातून होडी कोरतात, कोरलेल्या खोडात पाणी आणि दगड भरून ते शेकत शेकत रुंद करतात आणि मग बाजूला फळ्या ठोकून कड उंच करतात. लारूमा नावाच्या वेताच्या टोपल्या विणतात, दोन थरांच्या मध्ये पानं घातली की पाणी आत येत नाही.

2005 मध्ये तिथे एका मोठ्या हॉलिवूडपटाचं शूटिंग झालं, त्यात बेटावरचे लोक माणसं खाणारे दाखवायचे होते. तेव्हाचे कॅरिब प्रमुख चार्ल्स विल्यम्स यांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि तरीही त्यांच्यातलेच शेकडो जण एक्स्ट्रा म्हणून उभे राहिले, कारण रोजगार हवा होता. पाचशे वर्षांनंतर तोच शिक्का पुन्हा, तोही त्यांच्याच अंगणात, मग शब्द सुटा कसला झाला? 2015 पासून त्या भागाचं अधिकृत नाव कालिनागो (वरच्या कल्लिनागोचंच रूप) टेरिटरी आहे, आणि 2023 मध्ये सिल्व्हानी बर्टन या कालिनागो बाई देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. निदान नाव तरी त्यांनी निवडलेलं वापरूया.

सडेतोड_नाशिक
कालिनागो म्हणायला माझी काहीच हरकत नाही. पण अश्विनीताई, तुम्ही जे सांगितलंत त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. शब्द गाळला तर फर्मान, फिगेरोआ, सिनेमा यातलं मुलांना काहीच कळणार नाही, ती कुठल्या तरी कार्टूनमधून हाडं आणि कढई शिकतील आणि तेच खरं धरून चालतील.

मेघना_प
गाळायचा म्हणजे लपवायचा नाही. चौकोनात एक शब्द आणि समोर अर्थ एवढीच जागा असते, तिथे “कॅरिब = नरभक्षक” एवढंच डोक्यात राहतं. मी तिथे पिरोग आणि केमन ठेवीन, तायनोंचा चौकोन वेगळा करीन आणि कॅनिबल आठवीला 1503 च्या फर्मानाबरोबर घेईन.

सडेतोड_नाशिक
आठवीपर्यंत थांबू नका एवढंच म्हणणं. राणीने माणसं विकायला परवानगी दिली हे पाचवीतल्या पोरांनाही कळतं.