मदत हवी आहे: जूनमध्ये तिकडचं हवामान नक्की कसं असेल? तिकिटाचा निर्णय अडलाय

अवनी_लांजा
नमस्कार. आईला घेऊन बहिणीकडे जायचंय. एका अ‍ॅपवर त्या आठवड्यात ४५ दाखवतंय, दुसऱ्यावर ३८ आणि पाऊस. बातम्यांत सारखं उष्णतेची लाट, उष्णतेची लाट चाललंय. भावोजी म्हणतात काही होत नाही, या बिनधास्त. कोणाचं धरायचं? आत्ताचं तिकीट कन्फर्म आहे, पण पुढच्या गाडीला दोन जागा दिसतायत, त्या जायच्या आत ठरवायला हवं. इथे घर शाकारायचं राहिलंय, लाकडं अजून अंगणात आहेत. प्लीज लवकर सांगा.

वाशिष्ठी
बहीण कुठे असते?

कातळ
जून म्हणजे शिमला-मनालीचा सीझन. स्वेटर हवाच. चंदीगडहून टॅक्सी करा, कुफ्रीला घोडेवाले मागे लागतात, त्यांच्याशी आधी भाव ठरवा. आम्ही कसौलीला राहिलो होतो, गर्दी कमी आणि जेवण उत्तम.

अवनी_लांजा
फिरायला नाही जात आहोत. बहीण हरियाणात असते.

वाशिष्ठी
अगं ताई, हरियाणात कुठे? अंबाला हिमाचलच्या पायथ्यापासून जवळ, सिरसा-हिसार राजस्थानच्या वाळूला लागून. दोन्हीकडे जून सारखा नसतो. आणि तारीख?

अवनी_लांजा
हिसार. ८ जूनला रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस. नाहीतर २४ जूनची मंगला. तेच तर विचारतेय, पुढे ढकललं तर थंड होईल ना? आपल्याकडे तोवर पाऊस लागलेला असतो.

वेधशाळा_निवृत्त
माझी सगळी नोकरी हवामान खात्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आज मे संपत आलाय. दोन आठवड्यांनंतरच्या एका ठरावीक दिवशी हिसारला ४५ की ३८, हे आज कोणीही सांगू शकत नाही. अ‍ॅपवर आकडा दिसतो कारण तिथे रकाना आहे. हवामान खातं शहराचा अंदाज सात दिवसांचाच देतं. त्यापुढचा दर गुरुवारी निघतो, चार आठवड्यांचा, पण त्यात फक्त कल असतो: सरासरीपेक्षा जास्त की कमी. निघायच्या आधीच्या गुरुवारी तो बघा आणि मग रोज खात्याच्या 'मौसम' अ‍ॅपवर हिसारच्या इशाऱ्याचा रंग बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उन्हात बाहेर काढू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, ८ की २४. मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख मुंबईला ११ जून, दिल्लीला २७ जून. आपल्याकडे लवकर आला म्हणून तिकडे लवकर पोचतो असं नाही. २०२५ ला मुंबईत २६ मे ला आला, इतका लवकर कधीच आला नव्हता, आणि दिल्लीला २९ जूनला. त्यामुळे लांज्यात पागोळ्या गळत असतील तेव्हा हिसारला धूळ उडत असेल.

दोन अ‍ॅपमधला फरक कशामुळे, तेही सांगतो. जूनमध्ये तिकडे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, आली की आंधी (धुळीचं वादळ) येते, चार थेंब पडतात आणि पारा एका संध्याकाळीत झपकन उतरतो. दोन दिवसांनी परत चढतो. एका अ‍ॅपने तो विक्षोभ धरलाय, दुसऱ्याने नाही.

झुळूक
हे सगळं ठीक, पण मौसम अ‍ॅपवर माझा अजिबात भरवसा नाही. गेल्या वर्षी गणपतीत लाल दाखवलं आणि आमच्याकडे कडक ऊन. मी परदेशी अ‍ॅप वापरते, तासातासाचं दाखवतं.

वेधशाळा_निवृत्त
तासातासाचं दाखवतं म्हणजे तासातासाचं कळतं असं नव्हे, ताई. आणि लाल हा पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. देवरूखला ढगफुटीसारखा कोसळतो तेव्हा जयगडला कोरडं असू शकतं, हे आपणच बघतो.

कातळ
पण सरकारी आकडेही चुकतात. दिल्लीत ५२.९ दाखवलं होतं ना?

वेधशाळा_निवृत्त
हो, २९ मे २०२४, मुंगेशपूर. खात्याने स्वतःच तपासलं आणि तिथलं स्वयंचलित यंत्र तीन अंश जास्त दाखवतंय हे जाहीर केलं. पण आदल्याच दिवशी सिरशाला ५०.३ नोंदलं गेलं, ते खरं होतं. सिरसा हिसारच्या शेजारचा पट्टा. शिवाय हा पारा सावलीतल्या, हवा खेळणाऱ्या लाकडी पेटीतला. उन्हात उभ्या माणसाला लागतं ते याहून जास्त.

वाशिष्ठी
अवनीताई, आईंचं वय किती? बीपी, शुगर? आणि जाणं एवढं गरजेचं का आहे?

अवनी_लांजा
७२. बीपी आहे, गोळ्या चालू आहेत. शुगर नाही. बहिणीचे दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी १६ जून दिलीय. पहिलंच बाळंतपण, तिला आई हवीच आहे. भावोजी फौजेत, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही.

झुळूक
अगं, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! १६ ला बाळ आणि तू २४ ला निघायचा विचार करतेयस?

आंबोळगड
कोकम आगळ न्या, दुसरं काही लागत नाही. माझे वडील नागपूरच्या मे महिन्यात फक्त आगळावर राहिले, लू (गरम वारा) बाधली नाही. दोन बाटल्या भरून द्या, सकाळ-संध्याकाळ पेला. खिशात कांदा ठेवा.

वाशिष्ठी
आगळात मीठ किती असतं, काका? बीपीच्या माणसाला रोज दोन पेले?

आंबोळगड
घामावाटे मीठ जातंच की. मीठ हवंच.

वाशिष्ठी
जातं, पण किती घ्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी रुग्णालयात परिचारिका होते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात त्यानेच माणूस सुकतो आणि उठताना चक्कर येऊन पडतो. अवनीताई, निघायच्या आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, "हिसारला जातोय, ४४-४५ असेल" असं स्पष्ट सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. कोकम न्यायचंच तर बिनमिठाचं आमसूल न्या, भिजवून पाणी करता येईल.

डोलकाठी
आवशीक दुपारचा भायर काढू नकात. म्हातारा माणूस आसा, सांबाळून न्हेवा.

फौजीची_बायको
आम्ही हिसारला होतो, मग बदली झाली. हवामानतज्ज्ञ नाही, पण घरात काय होतं ते सांगते.

आपल्याकडे ३३ ला अंगाला कपडे चिकटतात. तिकडे ४३ ला घाम दिसतच नाही, आल्या आल्या वाळतो. म्हणून आईंना वाटेल "मला घाम येत नाही, मी बरी आहे" आणि त्या पाणी प्यायच्या नाहीत. माझ्या सासूबाईंचं हेच झालं, ओठ फुटले तरी तहान नाही म्हणायच्या. तांब्या भरून समोर ठेवायचा आणि किती उरलाय ते आपण बघायचं. लघवीचा रंग गडद झाला की समजायचं पाणी कमी पडतंय.

क्वार्टरला कूलर असतो, खसाच्या ताट्यांचा. कोकणात कूलर कुचकामी, पण तिकडे कोरड्या हवेत खोली खरंच गार होते. पण खिडकी थोडी उघडी हवी. आपली माणसं एसीच्या सवयीने सगळं बंद करतात, मग खोलीत नुसती दमट वाफ होते.

आणि २४ जूनबद्दल: जूनअखेर पुरवैया (पूर्वेचे) वारे सुटले की पारा चार अंश उतरतो खरा, पण हवा दमट होते आणि तोच कूलर काम करेनासा होतो. मला ते दिवस ४४ पेक्षा जड गेले. म्हणजे पुढे ढकलून आईंना फार सुख होईल असं समजू नका.

वेधशाळा_निवृत्त
अगदी बरोबर सांगितलंत. उष्णतेच्या लाटेचा निकषही म्हणूनच वेगळा आहे. मैदानात ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त लागतं, किनाऱ्यावर तेवढीच वाढ असली की ३७ लाच लाट धरतात.

कातळ
मृगाआधीच पेरणी झाली का कोणाची? आमच्याकडे यंदा रोहिणीतच गडगडतंय.

आंबोळगड
धूळवाफ्याची झाली. बियाणं मात्र महाग पडलं. तुमच्याकडे कुठलं भात?

अवनी_लांजा
भाताचं नंतर बोला हो. दिल्लीला उतरल्यावर पुढे कसं जायचं? भावोजींनी टॅक्सी सांगितलीय. आणि समजा ८ च्या गाडीलाच लाल रंग आला तर?

फौजीची_बायको
मंगला निजामुद्दीनला दुपारी लागते, ती वेळ वाईट. टॅक्सीत लगेच बसू नका. स्टेशनवर एसी प्रतीक्षालय आहे का ते आधी विचारा, नाहीतर जवळ खोली घ्या आणि ऊन कललं की निघा. हिसार तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. एसी चालतोय का ते निघतानाच बघा, वाटेत कळून उपयोग नाही. आईंना सुती नऊवारी नाहीतर सैल सुती झगा, डोक्याला ओला पंचा.

वेधशाळा_निवृत्त
लाल आला तरी रेल्वेच्या एसी डब्यात आईंना धोका नाही, धोका निजामुद्दीन ते हिसार एवढाच आहे. तो संध्याकाळी काढलात की निभावेल. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही जूनमध्येच लागतं, गाडीची वेळ तिकिटावरची धरू नका, निघायच्या आदल्या दिवशी बघा.

अवनी_लांजा
८ चंच ठेवलं. उद्या आईला घेऊन डॉक्टरांकडे जाते, गोळ्यांचं विचारते. भावोजींना टॅक्सी सहानंतरची सांगितली. फौजीची_बायको, कूलरच्या ताट्या बदलाव्या लागतात का? बहीण म्हणतेय गेल्या वर्षीच्याच आहेत.

फौजीची_बायको
बदल. जुन्यांना क्षार धरतो, पाणी झिरपत नाही आणि कुबट वास येतो, तान्ह्या बाळाच्या खोलीत तो नको. हिसारच्या बाजारात ताज्या मिळतात, भावोजींना आत्ताच आणायला सांग.